फिकट अक्षरांतली नावं

"मॅडम, हे काय, इथंच आहे की."

एवढंच म्हणाला तो, तेही इतक्या हळू की चूक त्याचीच आहे असं वाटावं. नांदेडकडचा पोरगा. टीममध्ये येऊन चारच दिवस झालेले, अजून कॅमेरा चालू ठेवून बसायचा. मागे भिंतीवर कॅलेंडर आणि खुंटीला अडकवलेली छत्री. सकाळी त्याने प्रोजेक्ट क्लोन केला, म्हणजे सर्व्हरवरून त्याची प्रत घेतली, पॅकेजेस उतरवून घेतली, सर्व्हर चालू करायला गेला आणि डेटाबेसशी कनेक्शन होईना. मला मेसेज केला, सेटिंग्जची काही फाईल लागते का, डॉट-एन्व्ह वगैरे? मी छातीठोकपणे सांगितलं, आपल्या प्रोजेक्टात तसलं काही नाही. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी स्क्रीन शेअर केली, डावीकडची फायलींची यादी वरपासून खालपर्यंत सरकवून दाखवली आणि म्हणाले, "बघ, माझ्याकडे तरी आहे का?" एडिटरमध्ये शोधूनही दाखवलं. काही सापडलं नाही. मग पस्तीस मिनिटं आम्ही दोघं भलत्याच जागी खणत बसलो. पोर्ट बदलून पाहिला, पासवर्डमधल्या एका चिन्हावर संशय घेतला, त्याच्या विंडोजला बोल लावून झाला. शेवटी दुसऱ्याच कशासाठी तरी मी टर्मिनलमध्ये 'एलएस डॅश ए' (लपलेल्यांसकट सगळ्या फायलींची यादी) दिलं, आणि माझ्या पडद्यावर माझ्याआधी त्याने ते नाव वाचलं.

फाईल माझ्याच लॅपटॉपवर होती. प्रोजेक्ट सुरू झाला त्या दिवसापासून.

"अरे हो की," म्हणून मी हसले, त्याला फाईल कशी बनवायची ते सांगितलं, आतल्या किल्ल्या कुणाकडून मागून घ्यायच्या तेही सांगितलं, कॉल संपला. पण दुपारी जेवताना, भांडी घासताना, संध्याकाळी पर्वतीच्या पायऱ्या चढतानाही ते वाक्य मागे लागलं होतं. चुकीची माहिती देणं हे आमच्या धंद्यात रोजचं आहे, त्याचं काही वाटत नाही. मला टोचत होतं ते माझं 'बघ' म्हणणं. स्वतःच्या घराची दारं उघडून परक्याला खोलीखोलीतून फिरवावं, आमच्याकडे देवघर नाही हो म्हणून सांगावं, आणि त्यानेच घंटेचा आवाज ऐकावा, असं काहीतरी झालं होतं.

लपवलं कुणी होतं? मीच. २०२१ ची दिवाळी आठवडाभरावर आली होती. घरात पंखे पुसणं, माळ्यावरचे डबे उतरवणं चाललेलं, आणि त्या भरात मी लॅपटॉपही आवरायला घेतला. तेव्हा मी कोड लिहायला अॅटम नावाचा एडिटर वापरायचे. डावीकडच्या यादीत नुसता बुजबुजाट: नोड-मॉड्यूल्सचा, म्हणजे उतरवून घेतलेल्या पॅकेजेसचा डोंगर (एकदा मोजल्या होत्या, चाळीस हजारांवर फायली निघाल्या), डिस्ट, कव्हरेज, लॉग्ज, कुठल्या तरी मॅकवरून आलेल्या डीएस-स्टोअर. माझं खरं काम असायचं वीस-पंचवीस फायलींत. ते या गर्दीत गुदमरायचं. अॅटमच्या ट्री-व्ह्यूच्या सेटिंगमध्ये एक चौकोन होता, 'हाइड व्हीसीएस इग्नोर्ड फाइल्स'. म्हणजे गिटला (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीला) ज्यांच्याकडे दुर्लक्ष कर म्हणून सांगितलंय, त्या फायली यादीतूनही लपव. त्यात टिचकी मारली आणि यादी अशी झाली, जसा रात्री शेवटचं भांडं उचलून फडकं फिरवलेला ओटा. मी चहा करून घेतला आणि ती यादी नुसती बघत बसले. पुढच्या जूनमध्ये अॅटम बंद होणार असं जाहीर झालं, १५ डिसेंबर २०२२ ला ते दुकान खरंच बंद झालं. मी व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरवर आले आणि पहिलं काम काय केलं, तर तोच चौकोन शोधला. 'एक्सप्लोरर डॉट एक्सक्लूड गिट इग्नोर' नावाने तो तिथे मे २०२२ च्या आवृत्तीत नुकताच आलेला होता. जुन्या घरातून नव्या घरात जाताना लोक देव नेतात. मी पडदा नेला.

गंमत अशी, की गिट स्वतः काहीच लपवत नाही. डॉट-गिटइग्नोर नावाच्या फाईलमध्ये एखादं नाव लिहिलं, की गिट फक्त त्याची दखल घेणं सोडतं. फाईल जागेवरच असते, प्रोग्राम ती वाचतो, ती वाढते, बदलते. फक्त हजेरीच्या वेळी तिचं नाव पुकारलं जात नाही. व्हीएस कोडही मुळात सभ्य आहे. तो अशी नावं गाळत नाही, फिकट करड्या अक्षरांत दाखवतो. आपल्याकडच्या लग्नपत्रिकेत सगळ्यात खाली 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणत चिंटू-पिंटूंची नावं छापतात, तशी. आमंत्रण त्यांच्या नावाने नसतं, पण मांडवात धुडगूस तेच घालतात. माझा प्रोजेक्ट माझ्या मशीनवर चालत होता तो या फिकट नावांच्या जिवावर. क्लोन करून त्या पोराला मिळालं ते सगळं ठळक अक्षरांतलं होतं आणि तेवढ्यावर काही चालत नव्हतं. आणि यादीतून नाव गेलं तेवढ्यावर भागत नाही. एडिटरचा शोधही इग्नोरच्या याद्या मानतो, मुद्दाम सांगितल्याशिवाय तिकडे ढुंकून बघत नाही. त्यामुळे मी शोधलं, सापडलं नाही, आणि 'नाही' याला माझ्याकडे पुरावाच तयार झाला.

लपवण्याची ही विद्या संगणकात आली कशी, याचा एक किस्सा मला फार आवडतो. युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक फोल्डरमध्ये 'एक टिंब' आणि 'दोन टिंबं' अशा दोन नोंदी आल्या, एक स्वतःसाठी आणि एक वरच्या फोल्डरसाठी. यादी काढली की त्या दोन्ही उगाच दिसायच्या. कुणीतरी सोपा उपाय केला: नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून द्या. दोन नोंदी गाळायच्या होत्या. पण टिंबाने सुरू होणारं जे जे पुढे जन्माला आलं ते सगळंच अदृश्य झालं, आणि लोक ती सोयच समजून तिथे सामान ठेवायला लागले. युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये हे लिहिलं तेव्हा त्यांचा सूर वैतागाचा होता. मला मात्र ते वाचून घरच्यासारखं वाटलं. जिन्याखाली चपलांसाठी म्हणून थोडी जागा सोडावी आणि दहा वर्षांनी तिथे शिलाई मशीन, तुटकी सायकल आणि रद्दी निघावी, तसंच हे.

सांगलीला गावभागातल्या आमच्या घरात पाहुणे यायचे ते न सांगता. फाटकाची कडी वाजली, की आई आतून ओरडायची, "आवर गं, कोणतरी आलंय!" पुढच्या दीड मिनिटात जे घडायचं ती एक कला होती. वाळत घातलेले कपडे गोळा होऊन पलंगाखाली, शेंगा निवडायला घेतलेलं सूप पलंगाखाली, बाबांच्या बिलांचा पुठ्ठा, माझा कंपास, अर्धवट विणलेला स्वेटर, सगळं पलंगाखाली. आणि वरून पलंगपोस जमिनीपर्यंत ओढलेला. पाहुण्यांना दिसायची ती खोली आम्ही एरवी कधी पाहिलेलीच नसायची. शोकेसमध्ये काचेचा ताजमहाल, सहा कपांचा न वापरलेला सेट, बाबांना निरोप समारंभात मिळालेलं स्मृतिचिन्ह. मला त्या खोटेपणाचा राग यायचा. मोठी झाल्यावर कौतुक वाटायला लागलं. पण पर्वतीवर बसून घाम पुसताना एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली. पाहुणे चहा घेत असताना आई मध्येच उठायची, पलंगपोस बोटभर उचलून, न वाकता, न बघता हात घालायची आणि नेमका बिलांचा पुठ्ठा बाहेर काढायची. खाली काय आहे आणि कुठल्या कोपऱ्यात आहे, हे तिच्या हाताला ठाऊक असायचं. तिचा पलंगपोस पाहुण्यांसाठी होता.

माझा माझ्यासाठीच होता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या घरात पाणी आलं. आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका, हे सांगलीत शाळकरी पोराला पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आई-बाबा विश्रामबागला मावशीकडे होते, मी पुण्यात फोनला चिकटून. रस्ते उघडल्यावर गेले. गाळाचा तो वास, ओल्या धान्याचा आणि नदीच्या तळाचा, अजून कुठे पाइप फुटला की नाकात येतो. शोकेसचं लाकूड फुगून दार अडकलं होतं. बाबांनी पहारीने उघडलं तेव्हा ताजमहालात चिखल भरलेला. पलंगाखालचं तर सगळंच गेलं. पाणी माळ्याच्या खाली दीड हातावर थांबलं होतं. त्यामुळे वर जे जे होतं ते कोरडं ठणठणीत: घंगाळ, मोडका पाळणा, पितळी डबे, दहा वर्षांच्या वीजबिलांची चळत, माझ्या सातवीच्या वह्या. मला भरून आलं होतं. आईने कमरेवर हात ठेवून वर पाहिलं आणि म्हणाली, "कृष्णामाईनं हा पसारा तरी न्यायचा हुता की गं!"

गिटचा हिशेब मात्र याच्या नेमका उलटा. तिथे शोकेस वाचतं. जे कमिट केलं (गिटमध्ये दाखल केलं), पुश केलं (सर्व्हरवर पाठवलं), त्याच्या प्रती सर्व्हरवर, सहकाऱ्यांच्या लॅपटॉपवर, कुठे कुठे असतात. माझं मशीन उद्या मुठेत पडलं तरी त्याला धक्का लागत नाही. इग्नोर केलेलं फक्त माझ्याजवळ असतं. आणि ते तसंच असायला हवं, हेही खरं. किल्ल्या, पासवर्ड चुकून एकदा कमिट झाले, की नंतर इग्नोरमध्ये नाव लिहून उपयोग नसतो. एकदा दाखल झालेल्या फाईलला गिट सोडत नाही, तिला वेगळं काढावं लागतं, आणि काढलं तरी इतिहासात ती राहतेच. गावभर बोभाटा झाल्यावर तोंडावर बोट ठेवण्यासारखं. तेव्हा शहाणा माणूस किल्ली बदलतो. म्हणजे न सांगणं योग्यच होतं. दुसऱ्याला न सांगण्यासाठी केलेली यादी मी स्वतःला न दिसण्यासाठी वापरली, घोटाळा तिथे झाला. दोन्ही कामं एकाच यादीवर चालतात म्हटल्यावर वेगळा विचार कोण करतो? सोय होती. बरं, त्या सोयीने मला आधीही चपराक मारलेली होती. मध्यंतरी डिस्क भरली, भरली म्हणून लॅपटॉप ओरडत होता आणि मी आठवडाभर फोटो पुसत होते. लॉग्जच्या फोल्डरमध्ये ११ जीबीची एक फाईल शांतपणे फुगत बसली होती. तेव्हाही मी लॉग पुसला, चौकोन तसाच ठेवला.

त्या रात्री जेवण झाल्यावर आधी प्रायश्चित्त म्हणून किल्ल्यांच्या जागा रिकाम्या ठेवून सेटिंग्जची एक नमुना फाईल बनवली. ती पहिल्या दिवसापासून असायला हवी होती. रीडमीमध्ये चार ओळी लिहिल्या, कमिट केलं, पुश केलं. मग तो चौकोन काढला.

यादी हळूहळू पसरली. नोड-मॉड्यूल्स, डिस्ट, कव्हरेज, डॉट-एन्व्ह, लॉग्ज, सगळी फिकट मंडळी आपापल्या जागी येऊन बसली. आणि इंग्रजी नावं संपल्यावर, सगळ्यात खाली, देवनागरीत एक फोल्डर. 'मी'.

मी तो साफ विसरले होते. तो केला तेव्हाचा प्रसंग मात्र लख्ख आठवला. नाव डॉट-गिटइग्नोरमध्ये लिहिलं होतं, आणि ती फाईल सगळ्यांच्या प्रतीत जाते हे लक्षातच नव्हतं. रिव्ह्यूमध्ये चेन्नईच्या एका सहकाऱ्याने विचारलं, हे काय आहे? मी लिहिलं, 'लोकल.' त्याने अंगठा दिला. अशा खाजगी नावांसाठी डॉट-गिटच्या आत 'इन्फो'मध्ये 'एक्सक्लूड' नावाची वेगळी फाईल असते, ती कुणाकडे जात नाही, हे मला फार नंतर कळलं. म्हणजे इतकी वर्षं जो कुणी हा प्रोजेक्ट क्लोन करतोय, त्याच्याकडे एक ओळ जाते, की या बाईपाशी 'मी' नावाचं काहीतरी आहे आणि ते तुला मिळणार नाही. आज सकाळपासून त्या नांदेडच्या पोराकडेही.

आत सतरा-अठरा फायली. बहुतेक २०२१ च्या मार्च ते जूनच्या. मीटिंगमध्ये बोलणं ऐकता ऐकता टाइप केलेली टिपणं. त्यात निम्मी कामाची, निम्मी 'कोथिंबीर, आल्याचा तुकडा, सॅनिटायझर'. एका फाईलचं नाव 'बेड'. ती उघडली आणि बोटं थांबली. फोन नंबरांची यादी, एकेका ओळीपुढे शेरा. 'उचलत नाहीत.' 'संध्याकाळी ७ नंतर.' 'ऑक्सिजन आहे पण सिलिंडर आपला.' 'बाई चांगल्या आहेत, पुन्हा करा.' 'पिंपरीत बघा म्हणाले.' मामांसाठी केलेली. मामा सतराव्या दिवशी चालत घरी आले, आता रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर सूर्योदय पाठवतात. पण ती यादी वाचताना पोटात तोच गोळा आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, एका खिडकीत कोड, एका खिडकीत ही फाईल, फोन स्पीकरवर रिंग देत राहिलेला, आणि कानात कुणीतरी विचारतंय की रिलीज शुक्रवारी जाईल ना. गेला होता रिलीज. शुक्रवारीच गेला.

दिवाळीच्या साफसफाईत नोड-मॉड्यूल्सचा पसारा नको झाला म्हणून मी तो चौकोन शोधला, असं वर लिहिलंय. इतकी वर्षं तसंच वाटत होतं.

शेवटची फाईल, 'राजीनामा'. मराठीतच लिहिलेला. ऑफिसात मराठी राजीनामा कोण घेतो? पण इंग्रजीत सगळं कसं सुबक होतं, 'परस्यूइंग अदर ऑपॉर्च्युनिटीज' वगैरे. मला आधी खरा लिहायचा असावा. सव्वा पान. दोन परिच्छेदांत रडगाणं, तिसऱ्यात माझा मॅनेजर मुळात वाईट माणूस नाही असा खुलासा, खाली तारीखही घातलेली, सही तेवढी नाही. का दिला नाही, ते आता आठवत नाही. घाबरले असेन, की मामा घरी आल्यावर राग ओसरला, की नुसतंच राहून गेलं. पगारवाढ झाली होती त्या जुलैत, तेही कारण असू शकतं. मधे लॅपटॉप बदलला, तेव्हा आयटीच्या मुलाने होम फोल्डर उचलून जसंच्या तसं नव्या मशीनवर ओतलं, त्यात हाही आला. ज्या कंपनीला द्यायचा तिच्याच लॅपटॉपवर, तिच्याच प्रोजेक्टच्या पोटात.

एकदा वाटलं, झाडून टाकावं सगळं. गिटमध्ये त्यासाठी झाडू आहे, 'गिट क्लीन'. कॅपिटल एक्स दिला तर फक्त इग्नोर केलेलं जातं, छोटा एक्स दिला तर कधी दाखल न केलेलंही सगळं, आणि गेलेलं कचरापेटीत जात नाही, जातंच. सोबत 'एन' दिला, की नुसतं काय काय जाईल ते सांगतं, हात लावत नाही. मी तेवढंच केलं. ओळी आल्या: 'वुड रिमूव्ह' डिस्ट, 'वुड रिमूव्ह' कव्हरेज, 'वुड रिमूव्ह' डॉट-एन्व्ह (पुन्हा तीच, बघा), आणि तळाशी एक ओळ, जिच्यात नावाऐवजी आकडे होते. तिरप्या रेघा आणि ३४०, २४४, २५६, ३४०, २४५, २००. क्षणभर वाटलं डिस्क खराब झाली. मग उजाडलं. इंग्रजीबाहेरची अक्षरं गिट एरवी सरळ छापत नाही, एकेक बाइट अष्टमान आकड्यात मोडून दाखवतं. 'कोटपाथ' नावाचं सेटिंग बंद केलं तरच मूळ लिपी दिसते. पहिले तीन आकडे म्हणजे 'म', पुढचे तीन म्हणजे दीर्घ वेलांटी. इतकी वर्षं या यंत्रावर आहे, पण स्वतःचं सर्वनाम ओळखायला मला अर्धं मिनिट लागलं.

झाडू परत ठेवला. राजीनामा पुन्हा उघडून शांतपणे, परक्याचं पत्र वाचावं तसा वाचला. बरा लिहिलाय खरं तर. दुसऱ्या परिच्छेदात 'नाईलाजाने' लिहिलं होतं. आमच्या शाळेच्या बाईंनी पाहिलं असतं तर पट्टी मारली असती. तेवढी ई ऱ्हस्व केली आणि फाईल सेव्ह केली.

तेवढ्यात फोनवर नांदेडच्या पोराचा मेसेज आला, 'ताई, चाललं,' पुढे नमस्काराचे हात. सकाळची मॅडम रात्रीपर्यंत ताई झाली होती. त्याला अंगठा पाठवला. लॅपटॉप मिटण्याआधी सवयीने 'गिट स्टेटस' दिलं. नेहमीची ओळ आली: नथिंग टू कमिट, वर्किंग ट्री क्लीन.